आमटीतलं मीठ

मुनस्यारी,
६ एप्रिल २०२५

प्रिय प्रेरणा,

तुझं पत्र काल मिळालं. पोस्टमन इथं आठवड्यातून दोनदाच वर चढतो. तुझ्या कंपनीच्या गेटवर मोबाईल काढून घेतात, ते एका अर्थी बरंच झालं म्हणायचं. नाहीतर हॉटेल मॅनेजमेंटच्या वर्गात शेजारी उभं राहून कांदे चिरलेली दोन माणसं नऊ वर्षांनंतरही कागदावर कशाला भेटत राहिली असती! मोबाईलवर मी "मजेत" एवढंच लिहितो आणि कागदावर मला एका शब्दावर थांबता येत नाही, हे तुझं म्हणणं मान्य.

तर ऐक. सकाळी सहाला स्वयंपाकघराची खिडकी उघडली की ढग आत येतो. खरंच येतो. पातेल्यांवरून फिरतो, टांगलेल्या झाऱ्यांना ओलं करतो आणि मागच्या दाराने निघून जातो. समोर पाच शिखरं आहेत. ऊन चढतं तशी ती एकेक करून पेटतात, आधी गुलाबी, मग तांबूस, मग नुसती पांढरी. मी त्यांच्याकडे बघत मोहरी टाकतो. तडतडायच्या आधी मोहरी क्षणभर अगदी गप्प असते, हे तू कधी ऐकलंयस का? कधीकधी वाटतं, मी रांधत नाहीच आहे, मी रांधतोय असं कुणाला तरी स्वप्न पडलंय.

जयपूर झालं, कोची झालं, डेहराडून झालं. आता इथं हिमालयातल्या हॉटेलात मी मुख्य शेफ आहे, हाताखाली सात जण. आपल्या वर्गातल्या सम्यकचं कार्ड आलं होतं. तो जहाजावर बर्फाचे हंस कोरतोय. राजनंदिनीचे केक पुण्यात गाजतायत म्हणे. सगळे मार्गी लागले गं.

आपल्या खाणावळीचं तू विचारलंयस. बारा खुर्च्या, मेनूकार्ड नाही, त्या दिवशी जे शिजेल ते पानात. वर्गात बसून वहीच्या मागे नकाशा काढायचो ना आपण? स्वप्न छान होतं. पण तू माझ्यासाठी थांबू नकोस.

तुझा,
केयूर

---

चितेगाव,
१९ एप्रिल २०२५

केयूरपंत,

थांबू नकोस म्हणं! मी काय बसस्टँडवर उभी हाय का तुझ्यासाठी?

तुझं ढगाचं वाचलं. आमच्या कँटीनच्या खिडकीतून पैठण रोडचा धुरळा येतो, तोबी पातेल्यांवरून फिरतो, फक्त मागच्या दारानं जात नाय. साडेअकराशे माणसं, तीन शिफ्ट. मुंबईच्या हॉटेलात पोरीला तंदूरवर उभं करत नव्हते म्हणून भांडून भट्टी मिळवली, हैदराबादला दोन वर्षं काढली, अन् अण्णांना अर्धांगवायू झाला तशी इकडं आले. वैजापूरला गेले की चुलत्या विचारतात, "एवढं शिकून शेवटी खिचडीच का?" मी म्हणते, व्हय, पण अकराशे जणांची खिचडी खाली न लागू देता करून दाखवा, मग बोला.

आता मुद्द्याचं. जागा सापडली. शहरात, पदमपुऱ्यात, अण्णांचे दोस्त पुंजारामकाका हायेत ना, त्यांच्या घराचा खालचा भाग. पुढं ओटा, मागं विहीर, मधी लांबडी खोली. मी पावलं टाकून बघितली, बारा खुर्च्या बसतात अन् तेराव्याला जागा उरते. काका म्हणाले, महालक्ष्म्या होईपर्यंत मी कुणाला देत नाय, तोवर तुमचं ठरवा.

मला तू पाहिजे. उगं गोड बोलत नाय. अकराशे माणसांचं रोज मी जमवते, पण बारा माणसांना डोळे मिटायला लावील असं जेवण तुझ्या हातचं. मला ते जमत नाय, हे मला माहीत हाय.

अन् एक सांग. तू आधी पत्रात पानभर वासाबद्दल लिहायचास. कोचीहून लिहिलेलं नारळाचं पत्र मी अजून ठेवलंय, वाचलं की भूक लागते. आता नुसते रंग अन् आवाज. तिकडं पहाडात वास नसतो का रं?

प्रेरणा

---

मुनस्यारी,
११ मे २०२५

प्रिय प्रेरणा,

थंडीत वास कमी येतो. एवढंच.

जागेचं वाचून पाच मिनिटं डोळे मिटून बसलो. विहीरसुद्धा आहे! मी त्या खोलीत मनातल्या मनात फिरून आलो. उजवीकडे चूल ठेवली, पुन्हा डावीकडे हलवली.

पण आत्ता मला निघता येणार नाही. सीझन आहे. त्याऐवजी इथल्या राजम्याची कृती पाठवतोय. राजमा चारशे ग्रॅम, मीठ चौदा ग्रॅम, धणे सहा, आलं अकरा, मंद आचेवर एक तास चाळीस मिनिटं. तू करून बघ आणि कसं झालं ते कळव. नीट कळव, सविस्तर.

केयूर

---

चितेगाव,
२५ मे २०२५

केयूर,

राजमा केला. चुकलं काहीच नाय. अन् जीवबी नाय त्याच्यात.

चौदा ग्रॅम! तू कधी वजनकाटा हातात धरला होतास रं? चिमूट टाकायचास, हात झटकायचास अन् पुढं जायचास. सगळा वर्ग काट्यावर वाकलेला असायचा अन् तू खिडकीतून बाहेर बघत फोडणी द्यायचास.

मला कळतंय काय झालंय ते. मोठा शेफ झालास. हाताखाली सात माणसं, समोर पाच शिखरं. चितेगावच्या कँटीनवालीबरोबर पदमपुऱ्यात खाणावळ काढायची म्हणजे जरा खालीच उतरल्यासारखं नाय का? तर सरळ लिही की नाय म्हणून. मला वाईट वाटंल, एक दिवस रडीन, दुसऱ्या दिवशी कामाला लागीन. पण हे ग्रॅमात मोजलेलं बोलणं नको. लई लागतं.

प्रेरणा

---

छत्रपती संभाजीनगर,
९ जुलै २०२५

प्रिय प्रेरणा,

वर गावाचं नाव वाचून चमकली असशील. मी समर्थनगरात आमच्या घरी आहे. तीन आठवडे झाले. तू जिथं बसून हे वाचतेयस तिथून मी पाऊण तासावर आहे आणि तरी तुला भेटायला आलेलो नाही, कारण तुझ्या तोंडावर हे मला सांगता आलं नसतं.

मला वास येत नाही. चवही कळत नाही. मिरचीचं झोंबणं तेवढं कळतं, बाकी तोंडात गरम, गार, मऊ, कडक एवढंच उरलंय.

नोव्हेंबरात आठवडाभर ताप आला. उतरला तेव्हा सकाळी चहाचा कप तोंडाला लावला आणि वाटलं, कुणीतरी गरम पाणी दिलंय. म्हटलं जाईल चार दिवसांत. महिने गेले. दिल्लीला दोन डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, नसा दुखावल्यात, परत येईलही, नाहीही. तोपर्यंत मी काटा विकत आणला होता. सात जणांना आळीपाळीने चाखायला लावायचो, वर म्हणायचो, "मला बघायचंय तुमची जीभ किती तयार झालीय." त्यांना वाटायचं, साहेब शिकवतायत. तुलाही तो राजमा त्यासाठीच पाठवला होता. मला स्वतःला कळत नव्हतं तो कसा होता.

जूनमध्ये एक दिवस माझ्या पुढ्यात दूध लागलं. आख्खं स्वयंपाकघर नाक दाबून माझ्याकडे बघत होतं आणि मी शांतपणे ढवळत होतो. त्या दिवशी संध्याकाळी राजीनामा लिहिला.

तुला कमी लेखलं नाही गं कधी. त्या खोलीत मी रोज जाऊन येतो. कालही गेलो होतो, बारा जण जेवत होते, कुणाचेच चेहरे दिसत नव्हते, फक्त भुरक्यांचे आवाज येत होते. पण चव नसलेला आचारी म्हणजे काय, हे तुला मी सांगायला नको. जागा दुसऱ्या कुणाला तरी घेऊन चालव.

आईला यातलं काही सांगितलेलं नाही. तिला वाटतंय, सुट्टीवर आलोय. मावसभाऊ अमेय त्याच्या गाड्यांच्या शोरूममध्ये ये म्हणतोय. दसऱ्यापासून जाईन.

रागावू नकोस.

केयूर

---

चितेगाव,
१२ जुलै २०२५

केयूर,

पत्र भाजीच्या कोठीत बसून वाचलं. पोरी विचारत होत्या, मॅडम कांदा चिरताय का. म्हटलं व्हय.

आधी माझं चुकलं ते. मे महिन्यात जे लिहिलं त्याची लाज वाटते. तू एकटा तिकडं आगीपुढं बहिऱ्यासारखा उभा अन् मी तुला टोमणे मारत होते. माफ कर.

आता तुझं चुकलं ते. गाड्या विकणार म्हणं. तुला स्कूटर सुरू करता येत नाय धड.

पहिलं प्रॅक्टिकल आठवतं का? सांडू सरांनी डाळ करायला लावली होती. तू केलीस, वाटीत ओतलीस अन् सरांपुढं ठेवलीस. सर म्हणाले, चमचा कुठंय तुझा? चाखली का? तू म्हणालास, "नाही सर, आमच्याकडे देवाच्या आधी कुणी चाखत नाही." सगळा वर्ग हसला. सर म्हणाले, "शेफ व्हायला आलास का पुजारी?" अन् शून्य दिला. शून्य दिला, पण वाटी पुसून खाल्ली त्यांनी. मी शेजारीच उभी होते, मी बघितलंय. पुढं तू चाखायला शिकलास, मार्कं मिळवलीस. पण त्याच्या आधी सतरा-अठरा वर्षांचा होईस्तोवर तू तुझ्या आईच्या, काकूंच्या हाताखाली न चाखता रांधलंस की. ते कुठं गेलं?

तर ऐक. तुमच्याकडं महालक्ष्म्या बसतात. पुरण, कटाची आमटी, आंबील, सोळा भाज्या. नैवेद्य दाखवेपर्यंत त्या स्वयंपाकघरात कुणाच्याबी जिभेला काही लागत नाय. त्या दिवशी काकू अन् तू सारखेच. यंदा सगळा स्वयंपाक तू कर. एकट्यानं. मी जेवायला येते.

मी खोटं बोलणार नाय. चांगला झाला तर तू रांधायचं अन् मी चाखायचं, काय कमीजास्त ते मी सांगीन, अन् दसऱ्याला जागा घ्यायची. बिघडला तर मीच तुला शोरूमवर सोडायला येईन.

अन् काकूंना सांग रं. आईपासून काय लपवायचं!

प्रेरणा

---

छत्रपती संभाजीनगर,
२४ ऑगस्ट २०२५

प्रिय प्रेरणा,

नाही म्हणायचं म्हणून दीड महिना लिहिलं नाही. पण आता म्हणायची सोय राहिली नाही. आई अंगणात घसरली, उजव्या मनगटाला प्लास्टर आहे. म्हणाली, "यंदा नैवेद्य तुझ्याकडे." मी हो म्हणालो. बाकीचं अजून सांगितलेलं नाही. रोज सांगायला जातो आणि ती लहान मुलीसारखी डाव्या हाताने पोळी तोडताना दिसते, मग राहून जातं.

सराव सुरू केलाय. डोळे मिटून बसतो आणि लहानपणी ऐकलेलं आठवतो. डाळ शिजत आली की तिचा आवाज जाड होतो. पुरणात उलथनं उभं राहिलं की झालं, हे डोळ्यांनी कळतं. मीठ मात्र आवाज करत नाही, रंगही दाखवत नाही. ते फक्त हाताला माहीत असतं. माझा हात अजून माझा आहे का, तेवढंच कळायचं आहे.

काल स्वप्नात पुरणाचा वास आला. जागा झालो, आणि तो गेला.

सोमवारी, एक तारखेला, बारा वाजता ये.

केयूर

---

छत्रपती संभाजीनगर,
२ सप्टेंबर २०२५

प्रेरणा,

काल पन्नास माणसं जेवली. पन्नासही जण म्हणाले, "छान झालं." अगं, महालक्ष्मीच्या प्रसादाला कुणी नावं ठेवतं का? दगड शिजवून वाढले असते तरी "छान" म्हणाले असते. आणि नैवेद्य झाल्यावर मी पहिला घास तोंडात घातला तेव्हा मला ऊन-ऊन लागलं, एवढंच.

पण करताना काय झालं सांगू? चार वाजता अंघोळ करून सोवळ्यात उभा राहिलो आणि अकरापर्यंत मी कुठे होतो ते मला माहीत नाही. काटा घेतला नाही. हात आपोआप जात होते. आई चुलीशेजारी स्टुलावर बसून होती, एक शब्द बोलली नाही. भाज्यांचे सोळा रंग, वाफ, फोडण्यांचे आवाज, त्यात मी कुणीच नव्हतो. नऊ-दहा महिन्यांत पहिल्यांदा मला सुख वाटलं. मला ते परत हवंय, प्रेरणा. पहिल्यांदाच स्पष्ट लिहितो, मला हे सोडायचं नाही.

म्हणून तुझ्या तोंडाकडे बघत होतो. तू खाली मान घालून जेवलीस, आईच्या पाया पडलीस आणि माझ्याशी न बोलता बसला पळालीस. एवढं का पळालीस?

अमेय उद्या चितेगावकडे जातोय, त्याच्याकडेच हे पत्र देतो. खरं लिही.

केयूर

---

चितेगाव,
३ सप्टेंबर २०२५

केयूर,

शब्द दिला होता म्हणून लिहिते. हात चालत नाय.

पुरण मी जन्मात असं खाल्लं नाय. भाज्यांत मीठ जिथल्या तिथं. कारल्यात गूळ किती घालावा हे आता मला कळलं. आंबील पिताना डोळे मिटले आपोआप. तोवर मी मनात नाचत होते.

मग आमटी वाढली. खारट, केयूर. जराशी नाय. तोंडात धरवत नव्हती. माझ्या शेजारच्या बाईंनी दोन भुरके मारले, "वा वा" म्हणाल्या अन् वाटी गुपचूप केळीच्या पानाआड सरकवली. सगळ्या पंगतीनं तेच केलं. मी पूर्ण प्यायले. तू बघत होतास म्हणून.

बसमधी घसा जळत होता अन् मी रडत होते. एकच पदार्थ चुकला, असं मनाला लई समजावलं. पण घरचे लोक वाटी सरकवून देतात, गिऱ्हाईक परत येत नाय. अन् मी सगळं चाखीन म्हणाले होते खरं, पण हात असा अचानक दुप्पट पडत असंल तर मी कुठं कुठं पुरी पडू? हे लिहिताना मला माझाच राग येतोय.

पुंजारामकाका रविवारी उत्तर मागतायत. मी अजून नाय म्हटलेलं नाय. तू सांग, आमटीच्या वेळी काय झालं होतं? घाई झाली का? कुणी हाक मारली का? मला कायतरी कारण दे, केयूर. कुठलंबी दे.

पत्र शिवमकडं देते. माझा भाऊ उद्या शहरात येतोय, तुझ्या हातात देईल.

प्रेरणा

---

छत्रपती संभाजीनगर,
५ सप्टेंबर २०२५

प्रिय प्रेरणा,

शिवम काल संध्याकाळी येऊन गेला. पत्र ओट्यावर उभ्यानेच वाचलं. मग आत गेलो आणि आईपुढे बसलो. म्हटलं, आता लपवून काय राखायचंय? सगळं सांगितलं, नोव्हेंबरपासूनचं. मग तुझं पत्रच मोठ्याने वाचून दाखवलं. आमटीपाशी आलो तशी ती एकदम म्हणाली, "थांब."

म्हणाली, "मला माहीत होतं रे."

जूनमध्ये मी आलो त्याच आठवड्यात तिच्या लक्षात आलं होतं. वरणात मीठ राहिलं होतं आणि मी मुकाट जेवलो. मग तिने तीन दिवस मला बिनसाखरेचा चहा दिला. मी तिन्ही दिवस म्हणालो, "आई, चहा मस्त." त्या दिवशी ती देवघरात जाऊन रडली होती. "तू सांगशील म्हणून वाट बघत होते," म्हणाली. इकडे मी तिच्यापासून लपवतोय आणि तिकडे ती माझ्यापासून.

सोमवारी मी आमटी उतरवली आणि सवाष्णींना बोलवायला बाहेर गेलो. आई चुलीपाशी एकटी होती. आमटीत मी मीठ टाकलं तेव्हा ती देवघरात गेली होती, तिने ते पाहिलं नव्हतं. तिला वाटलं, पोराला चव कळत नाही, पहाटेपासून राबतोय, मीठ घालायचं विसरला असेल तर? चाखून बघायची सोय नाही. माझी पन्नास माणसांत शोभा होऊ नये म्हणून तिने मीठ टाकलं. पूर्ण आमटीचं, तिच्या नेहमीच्या अंदाजाने. आणि उजवा हात प्लास्टरमध्ये, म्हणून डाव्या हाताने. प्रेरणा, माझ्या आईने साठ वर्षांच्या आयुष्यात नैवेद्याला डावा हात लावलेला नाही. आम्हाला लावू दिलेला नाही. ती पंगतीत सगळ्यांनी वाटी सरकवलेली बघत होती आणि माझ्याकडे बघायचं तिला धाडस होत नव्हतं. चार दिवस ती नीट झोपलेली नाही. "देवाचंही बिघडवलं आणि तुझंही," म्हणत होती.

मी तिला विचारलं, "तू घातलंस ते किती होतं?" तिने तळहाताचा खळगा करून दाखवला. मी घातलं होतं ते दाखवलं. दोन्ही एकच गं.

म्हणजे माझ्या हातून पडलं ते बरोबर होतं. हे मला कळलं ते तू आमटी पूर्ण प्यायलीस आणि खरं लिहिलंस म्हणून. तू वाटी सरकवून "छान" म्हणाली असतीस तर मी दसऱ्याला अमेयकडे गेलो असतो.

आज सकाळी तीच आमटी पुन्हा केली. आईला बाहेरच्या खोलीत बसवलं, येऊ दिलं नाही. वाटी तिच्यापुढे ठेवली. तिने डाव्या हाताने उचलून एक घोट घेतला. मग म्हणाली, "माझ्यापेक्षा बरी झालीय," आणि उरलेली पिऊन आणखी मागितली.

जागा सोडू नकोस. रविवारी काकांकडे आपण दोघं जाऊ.

तुझा,
केयूर